लागलं त्यानं सांगायचं

नळवाल्याचा वार दादाच्या डाव्या दंडावर बसला तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. जाड जाकिटावर पोलाद आपटलं की गादी झोडपल्यासारखा आवाज होतो, त्यात गफलत होत नाही. वार बसला म्हणून नळवाला तलवार खाली करून थांबला. आता दादा हात वर करणार, 'लागलं' म्हणणार, आणि डाव पुन्हा सुरू होणार. पण दादानं हात वर केला नाही. तो तसाच पुढं आला आणि थांबलेल्या नळवाल्याच्या डोक्यावर त्यानं हलकेच वार ठेवला.

नळवाल्यानं मुकाट्यानं हात वर केला. "लागलं," तो म्हणाला. भिंतीशी बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांना एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या.

आता यात एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. वाटू दे बापडं. या मंडळींचं सगळंच बाहेरच्याला चमत्कारिक वाटतं. पोरं घरी गेली की शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये ही पोक्त माणसं जमायची, टेबल-टेनिसची टेबलं भिंतीला सारायची, तोंडावर जाळीचे मुखवटे चढवायची आणि बोथट तलवारींनी एकमेकांना बडवायची. विद्या पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली, दोन्ही हातांत धरायच्या लांब तलवारीची. शिकवणारे उस्ताद केव्हाच मातीत गेले, मागं राहिली त्यांची चित्रांची पुस्तकं. ती वाचून लावायचं काम ग्रंथालयातल्या एका किडकिडीत कारकुनाचं, त्याला सगळे पोथी म्हणत. उभं राहायच्या पवित्र्यांना त्या पुस्तकांत नावंही अशी की हसू यावं: बैल, नांगर, मूर्ख. मूर्ख म्हणजे तलवारीचं टोक जमिनीकडे सोडून, या, मारा मला, असं उभं राहायचं. नळवाला या पवित्र्यात फार शोभून दिसतो असं सगळ्यांचं मत होतं, आणि तो बिचारा तेही हसून घ्यायचा.

पण एक गोष्ट हसण्यावारी नव्हती. इथं पंच नव्हता. वार नीट बसला की नुसता चाटून गेला, हे ज्याच्या अंगावर आला त्यालाच ठाऊक. तेव्हा लागलं त्यानं सांगायचं. मारणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, बघणाऱ्यानं तर नाहीच. हा नियम दादाचा, गटही त्यानंच उभा केलेला. मध्यंतरी एक उमदा गडी आला होता, हातात बळ, पायात वारं; पण लागलेलं गिळायचा. दादानं त्याला समजावलं, पुन्हा समजावलं, आणि मग एका संध्याकाळी त्याची पिशवी स्वतः उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली. "खोट्या माणसाशी खोट्या तलवारीनंसुद्धा खेळू नये," एवढंच म्हणाला. ते वाक्य गटात सगळ्यांना पाठ होतं.

आणि आता तोच दादा.

दादा म्हणजे पेशानं काचवाला. खिडक्यांना, दुकानांना काचा बसवायचा, चौकटीत लांबीचा लगदा दाबून दाबून अंगठा कायम पांढरा. सगळे त्याला दादा म्हणत, पण तो खरा दादा एकटीचाच होता. ती त्याची धाकटी बहीण, गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून दिवसभर आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबायचा, हा तिचा धंदा, म्हणून गटात ती ब्रेकबाई. बोलायलाही तशीच, समोरचा भलतीकडे वळायला लागला की खाडकन थांबवणारी. घरी दादा तिला चिमे म्हणायचा, पण ते बाहेर कुणी म्हणून बघावं.

या ब्रेकबाईचा नवरा काही वर्षांपूर्वी एक दिवस कपडे भरून निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. "तुझ्याशी कधीच जमलं नव्हतं," म्हणाला, आणि त्याआधीचा सगळा संसार खोटा करून गेला. तेव्हा ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. कुणाच्या बोलण्यावर तिचा विश्वासच बसेना. दूधवाला उद्या येतो म्हणाला तरी हिला वाटायचं, हाही येणार नाही. दादानं तिला उपदेश केला नाही. दंडाला धरून उठवलं, हॉलमध्ये आणलं आणि हातात तलवार दिली. तिथं समोरच्याला लागलं की तो हात वर करायचा आणि म्हणायचा, लागलं. खरं तेच बोलणारी माणसं. त्या एका शब्दावर ती पुन्हा उभी राहिली. गेल्या वर्षापासून तर सरावाची सगळी जबाबदारी दादानं तिच्यावर टाकली होती.

तेव्हा दादा खोटं बोलतो की नाही, हा प्रश्न इतरांसाठी खेळातला असेल. तिच्यासाठी तो खेळातला नव्हता. दादा खोटा निघाला तर तिच्याजवळ खरं असं माणूसच उरत नव्हतं.

पहिल्यांदा तिनं मनाला समजावलं की चुकून झालं असेल. मग पोथीचा वार दादाच्या डाव्या खांद्यावर बसला, आणि हात खालीच. मग एका नव्या मुलीचा मनगटावर. दर खेपेला दादा पुढं सरत राहायचा, एखाद्या निर्ढावलेल्या माणसासारखा. उजव्या बाजूला लागलं की मात्र हात झटकन वर. हे ब्रेकबाईच्या लक्षात आलं होतं बरं का. तिचा अर्थ तिनं असा लावला की हा लबाडीसुद्धा निवडून करतो, जिथं पकडला जाणार नाही तिथं.

"कुंपणच शेत खायला लागलं," पोथी तिला पार्किंगमध्ये म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू बोल त्याच्याशी. आम्ही कुणी बोललो तर ते बरं दिसणार नाही."

"आणि मी बोललेलं बरं दिसेल?"

"तू बहीण आहेस. तुझ्यावर तो रागावला तरी परत बोलेल."

ती गेली. दादाचं दुकान खाली, घर वर. दुकानात तो लांबरुंद टेबलावर वाकून काच कापत होता. कापणीच्या चाकाची बारीक किरकिर, मग दोन्ही हातांनी किंचित दाब, आणि काच रेषेवर मोडली. डाव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या, एकीच्या खालून रक्त येऊन वाळलेलं. काचवाल्याच्या हाताला पट्टी नसेल तरच नवल, म्हणून तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. वहिनी चहा घेऊन खाली आली.

"बघा हो वन्सं, तुमच्या भावाचे हात," वहिनी म्हणाली. "शेगडीवरचं भांडं नुसत्या हातानं उतरवतो. मी ओरडते, आणि हा म्हणतो, कुठं एवढं गरम आहे. गेंड्याचं कातडं आहे नुसतं."

"पैसे वाचतात गं फडक्यांचे," दादा म्हणाला, आणि तिघंही हसली. ब्रेकबाई हसली ती शेवटचीच. वहिनी वर गेल्यावर तिनं सरळ विषयाला हात घातला.

"दादा, तू लागलेलं सांगत का नाहीस?"

त्यानं काच खाली ठेवली. "कुठलं?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. दंडावरचं, खांद्यावरचं, परवाचं मनगटावरचं. सगळ्यांनी बघितलंय."

"मला नाही लागलं, चिमे."

"मी या डोळ्यांनी बघितलं."

"बघितलं असशील. मला नाही लागलं. तुझी शपथ."

ती शपथ तिला फार झोंबली. नवराही जाता जाता तिचीच शपथ घेऊन गेला होता. दादा टेबलाची कड पुसत राहिला. मग म्हणाला, "असं करू. तू बाहेरून बघतेस ना? मग तूच सांगत जा. तू लागलं म्हणालीस की मी मानलं. विचारणारही नाही."

आता हे बोलणं नीट ऐका. हा माणूस मदत मागत होता. स्वतःच्या कातडीपेक्षा बहिणीच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार झाला होता. दुसऱ्या कुठल्याही घरात बहिणीनं विचारलं असतं, का रे, तुला कळत नाही का? पण त्या हॉलनं उभं केलेल्या बाईला त्यात पळवाट दिसली. कबूलही करायचं नाही आणि सुटायचंही, अशी सोय.

"म्हणजे मी पंच होऊ?" ती म्हणाली. "हात तुझा, लागलं तुला, आणि सांगायचं मी? नियम कुणाचा आहे, दादा?"

"माझाच आहे."

"मग पाळ."

चहा तसाच ठेवून ती निघून आली.

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. या खेळात ते आपोआप होतं. हलका वार एखादा मानत नसला की पुढचा जरा जोरात बसतो, तोही नाही मानला की त्याहून जोरात. बघू आता कसं नाही म्हणतो! नळवाल्यासारखा मवाळ माणूस, पण त्याचेही वार जड पडायला लागले. पोथी तर दातओठ खाऊन मारायचा. डावा दंड, डावा खांदा, मानेचं मूळ. दादा सगळं अंगावर घेत पुढं यायचा आणि डाव संपला की सगळ्यांशी पूर्वीसारखंच बोलायचा. त्याला कुणी पूर्वीसारखं उत्तर देत नसे. सरावानंतर तो एकटाच टेबलं जागेवर लावायचा.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही लोक खेळता की मारामाऱ्या करता? पाठ बघा जरा याची. काळीनिळी झालीय."

"त्याला विचार," ब्रेकबाई म्हणाली, "लागलंच नाही म्हणेल."

शेवटी ती स्वतः उभी राहिली त्याच्यासमोर. रविवार सकाळ होती, वरच्या खिडक्यांतून ऊन फरशीवर आलं होतं, सगळे भिंतीशी बसले होते. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की आज असा वार करायचा की त्याला नाही म्हणता येणार नाही. मोडेन पण वाकणार नाही, हे दोघांच्याही रक्तात होतं. दादानं बैलाचा पवित्रा घेतला, तलवार कानाशी, टोक तिच्या तोंडावर रोखलेलं. तिनं उजवीकडे हूल दिली, तो तिकडे वळला, आणि तिनं दोन्ही हातांचं सगळं बळ लावून त्याच्या डाव्या हातावर घाव घातला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध.

या वेळचा आवाज गादी झोडपल्यासारखा नव्हता. कोरडी काटकी मोडावी तसा होता. तो सगळ्यांनी ऐकला, आणि तलवारीवरच तलवार आपटली असेल असं सगळ्यांनी स्वतःला सांगितलं.

ती थांबली. दादाची तलवार जरा झुकली, त्यानं ती उजव्या हातानं सावरली.

"थांबलीस का?" तो मुखवट्याआडून म्हणाला. "ये की."

तिच्या डोक्यात रक्त चढलं. तिनं मुखवटा ओढून काढला आणि फरशीवर टाकला.

"खोटारडा आहेस तू," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत खोटं बोलतोस, तेही माझ्याशी. त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? तो निदान तोंडावर सांगून गेला."

'तो' म्हणजे कोण, हे दादाला बरोबर कळलं. त्यानं मुखवटा काढला. चेहरा घामानं भिजला होता, पण त्यावर वेदनेचं चिन्ह नव्हतं. लहान मुलाला न केलेल्या गोष्टीसाठी मार बसावा तसा तो बघत होता.

"चिमे, मला खरंच नाही लागलं गं."

ती कोपऱ्यात गेली, त्याची पिशवी उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. कुणी अडवलं नाही. नळवाला उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. दादा तलवार काखेत धरून सावकाश बाहेर गेला, त्यानं पिशवी उजव्या हातानं उचलली, आणि दार आपोआप लागलं.

मग सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सराव लवकर संपला.

पुढचे दिवस ब्रेकबाई गाडीत शिकाऊ लोकांवर खेकसत बसली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर तिनं रडवायचंच बाकी ठेवलं. फोन हातात घ्यायची, ठेवायची. त्यानं करावा, असं तिला वाटे. चूक त्याची, माफी त्यानं मागावी. आलेला फोन वहिनीचा होता. ती रडत नव्हती, आणि तेच भयंकर होतं.

"वन्सं, दवाखान्यात या," वहिनी म्हणाली. "दुकानाच्या काचेचं मोठं तावदान उचलत होता. हातातून सुटलं. सदरा काढला तर डावा हात कोपरापासून खाली भोपळ्यासारखा सुजलेला आणि वाकडा. डॉक्टर म्हणतात, दोन्ही हाडं मोडलीत. आजची नाही म्हणतात, जुनी मोड आहे. आणि हा बाबा, मुरगळला असेल म्हणत, त्या हातानं आठवडाभर काम करत होता."

ब्रेकबाईनं शिकाऊ मुलीला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, शांत बोलणाऱ्या. हाडाचं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. मग मानेचा फोटो दिव्यावर लावला. मणक्यांच्या आतून मज्जारज्जूचा जो दोर खाली जातो, त्याच्या पोटात एक लांबट गाठ होती.

"ही असली तरी हातातला जोर बराच काळ टिकतो, पण बसलेला मार, दुखणं, गरम-गार कळेनासं होतं," त्या म्हणाल्या. "माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. जे लागलंच नाही ते तो कसं सांगणार?"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. शेगडीवरची भांडी तिला आठवली असणार.

"यांनी लवकर यायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात, कामावर, कुणाच्या तरी लक्षात आलं असेल ना, की यांना लागलेलं कळत नाही?"

आलं होतं. सगळ्या हॉलच्या लक्षात आलं होतं. खोलीभर माणसं नेमकं तेच बघत होती, आणि बघून त्याला आणखी जोरात मारत होती.

"अलीकडे मानेवर, खांद्यावर मार बसला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आत रक्त साकळलंय. त्यानं हे फार वेगानं वाढलंय."

"हो," ब्रेकबाई म्हणाली.

"कुणी मारलं?"

"आम्ही," ती म्हणाली. "मी."

गाठ काढायची होती. काढली नाही तर पाय जाणार होते, पुढं श्वासही. काढताना काय जाईल, त्याची खात्री कुणी देत नव्हतं. गेलेलं परत येणार नाही, एवढं मात्र नक्की. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी डॉक्टरीणबाई टाचणी घेऊन आल्या. कुठवर बधिर झालंय त्याची हद्द त्यांना पेनानं अंगावर आखायची होती. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती, ब्रेकबाई उशाशी बसली होती. आल्यापासून ती दादाशी एकही धड वाक्य बोलू शकली नव्हती. माफ कर म्हणायला तोंड उघडावं, तर तो म्हणायचा, "अगं, पाणी दे जरा," आणि ते राहून जायचं.

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोचलं की सांगा. नाही कळलं तर नाही म्हणा, लाजू नका."

दादानं डोळे मिटले. प्लास्टरच्या वर, दंडावर टाचणी टोचली. कातडी खड्ड्यासारखी आत गेली.

"आता?"

"नाही."

खांदा. "आता?"

"नाही."

छातीचा डावा भाग. मानेची बाजू. दर खेपेला तो थोडा थांबायचा, आत कुठंतरी कान देऊन ऐकल्यासारखा, आणि प्रामाणिकपणे सांगायचा, नाही. डॉक्टरीणबाई बेडच्या पलीकडे गेल्या. त्यांनी त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर टाचणी टोचली. चांगल्या हाताच्या.

"आता?"

दादा थांबला. "नाही," तो म्हणाला.

उजवा हातही चालला होता. एकदा तरी हो म्हण रे, असं ब्रेकबाईला ओरडून सांगावंसं वाटलं, एकदा तरी खोटं बोल. तिनं ओठ दाबून धरले, पण घशातून हुंदका निघालाच. डॉक्टरीणबाईंनी हात मागं घेतला आणि तिच्याकडे बघितलं.

"लागलं," दादा म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. "चिमे, ऐकलंस ना? आता लागलं."

टाचणी त्याच्यापासून हातभर लांब, डॉक्टरीणबाईंच्या बोटांत होती.

"हो दादा," ती म्हणाली. "ऐकलं."